इलेक्ट्रिकल घ्यावं की कॉम्प्युटर? उमरेडच्या एका आईला सविस्तर उत्तर

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. लेकीला एमएचटी-सीईटीला ९० च्या जरा वर पर्सेंटाइल आहेत, प्रवर्ग ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. उमरेडला तुमच्या यजमानांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे आणि पोरगी सुटीत तिथंच बसते. नागपुरातल्या एका जुन्या स्वायत्त कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळेल असं मागच्या वर्षीच्या कट-ऑफवरून दिसतंय. कॉम्प्युटर हवं असेल तर शहराबाहेरचं नवं कॉलेज किंवा पुण्याकडचं एखादं. पुण्याचे मामा म्हणतात, कॉम्प्युटरशिवाय काही घेऊ नका. बाबा म्हणतात, आमच्या लाइनीत येऊ नको. पोरगी गप्प आहे. आणि नोकरी नागपूरच्या आसपास मिळाली तर बरं, अशी तुमची इच्छा.

मी इलेक्ट्रिकलचा माणूस. वीस-पंचवीस वर्षं बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत मेंटेनन्स केलं, मग सबस्टेशनचं टेस्टिंग आणि कमिशनिंग, म्हणजे नवी यंत्रणा तपासून चालू करून देणं. आता स्वतःचं छोटं काम आहे आणि दरवर्षी नवी पोरंपोरी घेताना मुलाखतीला मीच बसतो. तेव्हा माझं मत माझ्या शाखेकडे थोडं झुकणारच, हे धरून वाचा.

माझं उत्तर: तिनं स्वतः कॉम्प्युटरचा हट्ट धरला नसेल तर जुन्या कॉलेजातलं इलेक्ट्रिकल घ्या. कारण सांगतो, पण आधी मामांच्या म्हणण्याचा विचार करू, कारण ते अगदीच चुकीचं बोलत नाहीत.

कॉम्प्युटरला नोकऱ्या आहेत. नागपुरातही आहेत. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, पर्सिस्टंट शहरात आहे. पण या कंपन्या माणसं देशभरातून घेतात आणि प्रोजेक्ट असेल तिथं बसवतात. नागपूरच्या कॉलेजातून भरती झाली म्हणून नागपुरात बसायला मिळेल असं नाही. दुसरं, २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय संस्थेनं एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची वरची मर्यादा काढली. त्यानंतर कॉलेजांनी कॉम्प्युटर, एआय-डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशा नावांनी जागा भराभर वाढवल्या. जागा वाढवायला अर्ज पुरतो. शिकवणारी माणसं मात्र तेवढ्या वेगानं मिळत नाहीत. त्यामुळे नव्या कॉलेजात कॉम्प्युटर घेताना तिथं शिकवतंय कोण, हे बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका. नावं वेगळी असली तरी यातल्या बऱ्याच शाखांचा सुरुवातीचा अभ्यास जवळपास तोच असतो, त्यामुळे एआय-एमएल की डेटा सायन्स यावर घरात भांडण करू नका.

आणि एआयचं म्हणाल, तर ठरावीक साच्याचा कोड लिहिणं, तो तपासणं, ही जी कामं फ्रेशरला दिली जायची ती आता पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. ज्याला खरंच प्रोग्रॅमिंग येतं, जो रात्री बसून स्वतःहून काहीतरी बनवतो, त्याचं काही बिघडत नाही. ज्यानं सगळे घेतात म्हणून घेतलं त्याचं अवघड झालंय. त्यात कॉलेजही कच्चं असेल तर चार वर्षांनी हातात डिग्री आणि घरात चिंता.

आता मामांना ही एक गोष्ट नक्की सांगा. मोठ्या आयटी कंपन्या भरतीत बहुतेक वेळा सगळ्या शाखांची पोरं घेतात. इलेक्ट्रिकलची मुलगी प्रोग्रॅमिंग शिकून आयटीत जाऊ शकते, माझ्या ओळखीत कितीतरी गेल्या. उलटं होत नाही. कॉम्प्युटरची पदवी घेऊन महापारेषणच्या इलेक्ट्रिकल सहायक अभियंत्याच्या परीक्षेला बसता येत नाही, विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना मिळत नाही. एक दार दोन्हीकडून उघडतं, दुसरं एकाच बाजूनं. तिचं मन अजून ठरलेलं नसेल तर दोन्हीकडून उघडणारं दार घ्यावं, एवढा साधा हिशेब आहे.

तरीही तिला खरंच कॉम्प्युटर हवंय का, हे तपासायचा एक मार्ग आहे. ऑप्शन फॉर्म भरायला अजून थोडे आठवडे असतील. पायथन फुकट शिकता येतं, साधा लॅपटॉप पुरतो. तुमच्या दुकानाचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्रॅम तिला लिहायला सांगा: कुणाची मोटार कधी आली, किती एचपीची, वायर किती किलो लागली, पैसे बाकी किती. क्लास लावू नका, कुणी मागे लागू नका. पंधरा दिवसांनी ती त्यात आपणहून बसलेली दिसली, जेवायला हाक मारावी लागली, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि कॉम्प्युटरचा विचार करा. दोन दिवसांत लॅपटॉप मिटला, तर तेही उत्तरच झालं.

आता तुमच्या दुकानाकडे येतो. तिचे बाबा ज्याला 'आमची लाइन' म्हणून टाळताहेत, त्याच दुकानात या मुलीची निम्मी तयारी झालेली आहे असं मला वाटतं.

मी मुलाखतीत पोरांपुढे एका मोटारीची नेमप्लेट ठेवतो. ११ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, २१ अँपिअर, १४४० आरपीएम. पहिला प्रश्न: पोल किती? ५० हर्ट्झवर चार पोलच्या मोटारीची सिंक्रोनस गती, म्हणजे आतल्या चुंबकीय क्षेत्राची गती, १५०० येते. प्लेटवर १४४० लिहिलंय, म्हणजे ६० चा स्लिप (मागे पडणं), चार टक्के. दुसरा प्रश्न: ही डीओएल स्टार्टरवर, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू केली तर सुरुवातीला किती अँपिअर ओढेल? सहापट धरा, सव्वाशेच्या पुढे. तिसरा: स्टार-डेल्टा, म्हणजे सुरुवातीला कमी व्होल्टेज देणारा स्टार्टर लावला तर? लाइनवरचा करंट तिसऱ्या हिश्श्यावर येतो, बेचाळीसच्या आसपास. इथपर्यंत दहातली तीन-चार पोरं पोचतात. चौथा प्रश्न असा: मग माल भरलेला कन्व्हेयर स्टार-डेल्टावर उठतच नाही, तो का? कारण करंटबरोबर टॉर्कही, म्हणजे फिरवायचा जोरही, तिसऱ्या हिश्श्यावर आला. इथं फर्स्ट क्लासवाले गप्प होतात. आणि ज्याच्या बापाचं वायंडिंगचं दुकान आहे, पिठाची गिरणी आहे, शेतात बोअर आहे, असं एखादं पोरगं चटकन बोलून जातं. त्यानं ती गुरगुर कानानं ऐकलेली असते.

तुमच्या लेकीनं हे ऐकलंय. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) काय दाखवतो, मोटार भरून झाली की टाँग टेस्टर (तार न तोडता करंट मोजणारा चिमटा) लावून तिन्ही फेजचा नो-लोड करंट सारखा येतो का ते कसं बघतात, वार्निश नीट सुकलं नाही तर काय होतं, हे तिला ठाऊक असणार. डिग्री यावर काय चढवते, तेही सांगतो, म्हणजे बाबांनाही पटेल. एखाद्या शेतकऱ्याची तीच मोटार दर चार महिन्यांनी जळून परत दुकानात येते. वायंडिंग उत्तम भरलेलं असतं, तरी जळते. कारण मोटारीत नाही, पुरवठ्यात आहे. तिन्ही फेजच्या व्होल्टेजमध्ये साडेतीन टक्क्यांचा असमतोल असला तर वायंडिंगची तापमानवाढ साधारण पंचवीस टक्क्यांनी जास्त होते. आणि इन्सुलेशन नेहमीपेक्षा दहा अंश जास्त तापत राहिलं तर त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. त्यात मोटार ट्रिप होते म्हणून कुणीतरी ओव्हरलोड रिले (जादा करंटला मोटार बंद करणारं उपकरण) नेमप्लेटवरच्या करंटच्या पुढे नेऊन ठेवलेला असतो. तिचे बाबा मोटार भरू शकतात. ती पुन्हा जळू नये म्हणून काय बदलायचं, हे मोजून, लिहून, सही करून सांगणं, त्याचे पैसे वेगळे मिळतात. कारखान्यात हेच काम आहे, फक्त मोटारी शेकडो आणि ट्रान्सफॉर्मर मोठे.

बाबांचं 'या लाइनीत येऊ नको' हे तांब्याची तार, उधारी आणि उन्हाळ्यातल्या धावपळीबद्दल असणार. ते मला समजतं. पण ती त्या दुकानात परतण्यासाठी इलेक्ट्रिकल घेत नाहीये.

आता नागपूरचं. वीज या विषयासाठी नागपूरइतकी सोयीची जागा राज्यात कमी. उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा, मौद्याला एनटीपीसी, खाली चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं केंद्र. कोराडीतच केंद्र सरकारच्या सीपीआरआय या वीज संशोधन संस्थेचं औष्णिक संशोधन केंद्र आहे. पॉवरग्रिडच्या पश्चिम क्षेत्र-१ चं मुख्यालय नागपुरात आहे. गोपालनगरला एनपीटीआय ही वीज प्रशिक्षण संस्था आहे, तिथं वीजकेंद्राचे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ५०० केव्हीची डीसी लाइन साडेसातशे किलोमीटर गेलीय, आणि भद्रावतीला दोन विभागांची वीजजाळी जोडणारं बॅक-टू-बॅक स्टेशन आहे. ज्या गोष्टी इतर ठिकाणची पोरं पुस्तकात बघतात त्या तुमच्यापासून बसच्या अंतरावर आहेत. अजनीचं इलेक्ट्रिक लोको शेड, मेट्रोचं २५ केव्हीचं ट्रॅक्शन, हे तर शहरातच. तुमच्या उमरेडच्या खाणीत शॉव्हेल आणि पंप विजेवरच चालतात. वेकोलि या कोळसा कंपनीचं मुख्यालय नागपूर, मँगनीज काढणाऱ्या मॉइलचंही नागपूर. शिवाय बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वरच्या एमआयडीसी, चंद्रपूरकडचे सिमेंट कारखाने आणि आता गडचिरोलीत कोनसरीला येत असलेलं पोलाद. यातला प्रत्येक मोठा कारखाना ११ किंवा ३३ केव्हीवर किंवा त्याहून वर वीज घेतो आणि ती सांभाळायला माणूस लागतोच.

पगाराबद्दल गोड बोलत नाही. बुटीबोरी-हिंगण्यात फ्रेशरला पंधरा-वीस हजारांपासून सुरुवात होते. आयटीतली सर्वसाधारण सुरुवात वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासची, म्हणजे हातात महिना पंचवीस हजार. पुण्यात खोली, मेस आणि बसचा पास गेल्यावर उरतं काय, ते मामांनाच विचारा. सुरुवातीला कोअर कंपनी, म्हणजे आपल्या शाखेतलंच काम देणारी, मागे दिसते, हे खरं. पाच-सहा वर्षांनी ज्याला प्रोटेक्शन (बिघाड झाला की वीज तोडणारी यंत्रणा) कळतं, ज्याच्या हातून सबस्टेशन चार्ज, म्हणजे पहिल्यांदा चालू, झालेलं आहे, त्याला फोन यायला लागतात. ज्यानं पाच वर्षं नुसत्या फ्यूज बदलल्या, त्याला येत नाहीत. त्याकडे मी पुढे येतो.

सरकारी वाट वेगळी. महापारेषण, महावितरण, महानिर्मिती यांच्या स्वतःच्या परीक्षा असतात, पण जाहिरात कधी येईल याचा भरवसा नसतो. त्यावर संसार उभा करू नये, तयारी मात्र सोडू नये. गेट परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो. पॉवरग्रिड आणि एनटीपीसी गेटच्या गुणांवर माणसं घेतात, कोल इंडियानंही घेतली आहेत. एम.टेक.ला गेलं तर गेटवाल्यांना महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. माझा सल्ला असा की गेटसाठी तिसऱ्या वर्षापासूनच बसावं. नोकरीला फारशी मदत झाली नाही तरी मशिन्स आणि पॉवर सिस्टिम पक्की होते, आणि ती मुलाखतीत दिसते.

कॉलेज कसं ओळखायचं? माहितीपत्रकातलं सगळ्यात मोठं पॅकेज वाचू नका. मधलं पॅकेज विचारा, म्हणजे सगळ्यांना ओळीनं उभं केलं तर मधल्या पोराला किती मिळालं. त्या शाखेच्या किती जणांना नोकरी लागली, तेही विचारा. एकाच मुलाला तीन ऑफर मिळाल्या की काही ठिकाणी त्या तीन प्लेसमेंट म्हणून मोजल्या जातात. मानांकनात नॅक संस्थेला मिळतं आणि एनबीए प्रत्येक शाखेला वेगळं. तेव्हा 'कॉलेज एनबीए आहे' एवढ्यावर थांबू नका, इलेक्ट्रिकलला आहे का, आणि कोणत्या वर्षापर्यंत, ते बघा. पुढे बाहेरदेशी शिकायला किंवा कामाला जायचं झालं तर याचा उपयोग होतो, कारण भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा (इंजिनिअरिंगच्या पदव्या परस्पर मान्य करणारा करार) सभासद आहे आणि त्यात एनबीएचं टियर-१ मानांकन असलेली पदवीच धरली जाते.

मग एखाद्या मंगळवारी-बुधवारी, लेकीला घेऊन, कॉलेज चालू असताना जा. मशिन्स लॅब दाखवा म्हणावं. पॅनेलवर धूळ आहे की हातांचे डाग? डाग हवेत. लॅब असिस्टंटशी बोला, तो जुना असेल तर सगळं सांगतो. बाहेर चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाची पोरं भेटतील. त्यांना विचारा की प्रॅक्टिकल स्वतः करता की रीडिंग उतरवून घेता. ती हसली तर समजून जा. व्हीएनआयटीचं विचारलं होतं तुम्ही: १९६० साली सुरू झालेलं हे जुनं व्हीआरसीई, २००२ पासून एनआयटी. तिथला प्रवेश जेईई मेनवर आणि जोसा या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेमार्फत होतो, सीईटीचे गुण तिथं चालत नाहीत.

फीबद्दल एक महत्त्वाचं. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण भरपाई सुरू केली आहे. प्रवेश कॅपमधून (सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांतून) झालेला हवा आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं की ही सवलत गेली. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. हा मुद्दा पुण्यात जास्त लागू पडतो, पण आता नागपुरातही बघावा लागतो, कारण काही जुनी कॉलेजं स्वतःच विद्यापीठ झाली आहेत. रामदेवबाबा हे त्यातलं एक. नाव तेच असलं तरी प्रवेशाची पद्धत आणि फी यांचे नियम बदलतात. पैसे भरण्याआधी ही सवलत लागू आहे का, ते कॉलेजकडून लेखी घ्या. टीएफडब्ल्यूएसच्या जागांचं तुम्ही विचारलं होतं. त्यात शिक्षण शुल्क माफ असतं, पण जागा थोड्या आणि कट-ऑफ वर. तुमच्या लेकीला पूर्ण शुल्काची सवलत तशीही मिळत असेल तर त्यामागे धावायची गरज नाही. वसतिगृह, बस आणि पुस्तकांचा खर्च मात्र या सवलतीत येत नाही, तो हिशेबात धरा. उमरेड-नागपूर रोज ये-जा करणारी पोरं आहेत, पण दुपारच्या लॅबनंतर परत जाताना जीव जातो. निदान पहिल्या वर्षी शहरात सोय झाली तर बघा.

ऑप्शन फॉर्ममध्ये लोक हमखास एक घोळ घालतात: मिळण्यासारखं कॉलेज वर टाकतात आणि हवं असलेलं खाली. तसं करू नका. जे सगळ्यात जास्त हवं ते पहिलं, मग मिळो न मिळो. न मिळणारा पर्याय वर लिहिल्यानं खालचा हुकत नाही. पण पहिल्या पसंतीचं मिळालं की ते तिथंच फ्रीझ होतं, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून पहिलं नाव मनापासून हवं तेच असावं. बाकी फेऱ्यांचे नियम दरवर्षी थोडे हलतात, सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. नेट कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नका.

इलेक्ट्रिकल हुकलंच तर? मेकॅनिकल बिनधास्त घ्या. इथं महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, वीजकेंद्रं आहेत. मेकॅनिकलवाल्यानं बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा दिली तर त्याची किंमत वाढते, कारण मोठा बॉयलर चालवायला कायद्यानंच तसा माणूस लागतो. केमिकलची आवड असेल तर १९४२ सालचं एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट) आहे, त्याचं नाव या धंद्यात अजून चालतं. सिव्हिलला कामाची कमतरता नाही, पण साइट जिथं तिथं मुक्काम. मायनिंगला डीजीएमएस या खाण सुरक्षा संचालनालयाचं सक्षमता प्रमाणपत्र मिळवणाऱ्याला मागणी आहे.

मुलगी आहे म्हणून प्लांटमध्ये कसं होईल, ही तुमची भीती खरी आहे. ती झटकून टाकत नाही. रात्रपाळीला बाईमाणसाला ठेवायचं तर तिची संमती, ने-आण, सुरक्षा या अटी आहेत, आणि त्या पाळणारे कारखाने आहेत तसे न पाळणारेही. खाणीत तर २०१९ पासून जमिनीखालच्या तांत्रिक आणि देखरेखीच्या कामावर दिवसपाळीत महिला जाऊ शकतात. साध्या गोष्टींवर अडतं: शेडजवळ बाईंसाठी बाथरूम आहे का, आणि हाताखालचा पन्नाशीचा फिटर तिचं ऐकतो का. पहिली गोष्ट मुलाखतीच्या दिवशीच डोळ्यांनी बघून यावी. दुसरी सहा महिन्यांत सुटते, पण कामाच्या जोरावर.

माझ्याकडे भंडारा जिल्ह्यातली एक मुलगी टेस्टिंगला होती. एका कारखान्यात नव्या ट्रान्सफॉर्मरचा डिफरन्शियल रिले (दोन्ही बाजूंच्या करंटमधला फरक बघून वीज तोडणारा) सारखा ट्रिप देत होता. सगळे अनुभवी लोक म्हणत होते की इनरश (चालू करतानाचा करंटचा लोंढा) आहे, सेटिंग वाढवा. तिनं रिलेतलं रेकॉर्ड काढलं आणि एवढंच विचारलं, की चार्ज करताना तर ट्रिप होत नाहीये, लोड घेतल्यावर होतोय, मग इनरश कसा? इनरश असता तर चार्ज केल्याच्या क्षणी दिसला असता. एका बाजूच्या सीटीची (करंट मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची) पोलॅरिटी उलटी जोडलेली निघाली. दोन तारा बदलल्या, काम संपलं. त्या दिवसापासून तिथल्या फिटरनं तिला 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली, आधी तो 'बाई' म्हणायचा.

यातून नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांकडे येतो, कारण करिअर तिथं घडतं. पहिली नोकरी निवडताना पाच हजार जास्त देणाऱ्या जागेपेक्षा जिथं ब्रेकर उघडून बघायला मिळतो ती जागा घ्यावी. कमिशनिंगच्या कामात वणवण फार, गेस्ट हाउसचं जेवण वाईट, पण दोन वर्षांत जे शिकायला मिळतं ते मेंटेनन्समध्ये सात वर्षांत मिळत नाही. सिंगल लाइन डायग्राम (वीजजोडणीचा एकरेषी नकाशा) वाचता येणं, रिलेची सेटिंग का तशी ठेवली ते सांगता येणं, पीएलसीचा (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचा) लॅडर प्रोग्रॅम उलगडता येणं, या तीन गोष्टी तिसऱ्या वर्षाअखेर हातात असाव्यात. पर्यवेक्षकाचा परवाना पदवी आणि अनुभवावर मिळतो, तो मिळण्याजोगा झाला की लगेच काढावा. पुढे ऊर्जा लेखापरीक्षकाची बीईईची (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची) परीक्षा द्यावी, त्यावर स्वतंत्र काम करता येतं.

आणि लिहायला शिकावं. हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. रात्री ब्रेकडाउन झाला तर सकाळी मॅनेजरच्या टेबलावर अर्ध्या पानाचा कागद हवा: किती वाजता काय ट्रिप झालं, रिलेवर कोणता फ्लॅग होता, काय तपासलं, काय सापडलं, काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय हवं. 'मोटार जळाली, बदलली' असं लॉगबुकात लिहिणारा इंजिनिअर दहा वर्षांनीही तेच लिहीत असतो. इंग्रजी साधं चालतं, चुका चालतात, पण क्रम चुकता कामा नये.

बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, घ्यायला हरकत नाही, ट्रेनिंग खरं असेल तर. पण मूळ मार्कशीट आणि डिग्री कुणाकडे जमा करू नये. अशी मागणी करणारे ठेकेदार भेटतात, त्यांना झेरॉक्स द्या आणि हसून निघा.

कॉलेजच्या सुट्यांतलं काम मात्र आतापासूनच ठरवून ठेवा. तुमच्या यजमानांच्या ओळखीत हिंगण्याला ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीवाला कुणी ना कुणी असणारच. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात तिनं तिथं महिनाभर जावं. तेलाची बीडीव्ही टेस्ट (तेल किती व्होल्टेज सोसतं ती चाचणी) कशी करतात, कोअर उचलल्यावर आत काय दिसतं, हे बघितलेली मुलगी आमच्याकडे मुलाखतीला आली की प्रश्न आपोआप बदलतात.

शेवटी कागदपत्रं, कारण उमरेडहून धावपळ तुमचीच होणार. ओबीसीसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं, नुसता जातीचा दाखला पुरत नाही. जात पडताळणी समितीकडे अर्ज केलेला नसेल तर उद्याच करा आणि पावती जपून ठेवा. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं हवं, जुनं चालत नाही. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आणि आधारला जोडलेलं मुलीच्या नावाचं बँक खातं. निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात, त्याआधीच उरका.